घास अडतो तेव्हा: अ‍ॅकॅलेशिया आणि पोएम

आजचा विषय अ‍ॅकॅलेशिया. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते सैल पडायला हवं. या आजारात ते पडत नाही, आणि पाणीसुद्धा अडतं.

१९१३ मध्ये अर्न्स्ट हेलर यांनी शस्त्रक्रिया करून हा स्नायू कापला. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोए यांनी तेच काम तोंडातून दुर्बीण घालून केलं. तेच पोएम. आतल्या अस्तराला छेद द्यायचा, अस्तराखालून बोगदा करत जायचं, स्नायू कापायचा आणि क्लिपांनी छेद बंद करायचा. बाहेरून टाका नाही! नळी फुगून वाकडी झाली असली तरी अनेकदा हे जमतं. मात्र कडं सैल झाल्यावर आम्ल वर येऊ शकतं, त्यावर औषध लागतं.

घास सारखा अडत असेल तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. एंडोस्कोपी नॉर्मल आली, तरी डॉक्टरांना मॅनोमेट्रीबद्दल विचारा.