मोटेलमालकांची दुसरी पिढी

अमेरिकेतल्या महामार्गांलगतची असंख्य मोटेल गुजराती कुटुंबांच्या मालकीची आहेत, त्यातही पटेलांची संख्या मोठी. १९६५च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना अमेरिकेची वाट मोकळी झाली. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या भारतीयांपैकीही काही जण तिथे पोचले. नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन जुने मोटेल विकत घ्यायचे, तिथेच संसार थाटायचा आणि खोल्या घरच्यांनीच आवरायच्या, अशी ही सुरुवात होती. घरभाडे वाचे आणि नोकरांचा पगारही.

या घरांतली मुले शाळेतून आल्यावर काउंटर सांभाळत, चादरी बदलत. हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलणे, अडचणीत मार्ग काढणे हे त्यांना घरातच शिकायला मिळाले. अनेकजण पुढे डॉक्टर-इंजिनिअर झाले. आईवडिलांची इच्छाही बहुधा तीच होती. जे धंद्यात राहिले त्यांनी त्याचे रूप पालटले. हॉटेल व्यवस्थापन किंवा वित्त शिकून, बँकेचे कर्ज काढून त्यांनी नामांकित साखळ्यांच्या फ्रँचाइझी घेतल्या आणि कारभार पगारी व्यवस्थापकांवर सोपवला.

बँका आणि विमा कंपन्यांच्या भेदभावाला तोंड देण्यासाठी या व्यावसायिकांनी संघटना उभारल्या. १९८९मध्ये स्थापन झालेली ‘आहोआ’ त्यांतली प्रमुख. तिच्या सुमारे वीस हजार सभासदांकडे आज अमेरिकेतली निम्म्याहून अधिक हॉटेले आहेत.

पहिल्या पिढीपुढे पर्याय थोडे होते. दुसरीला निवड करता आली. तिच्या यशाचे मोजमाप करताना आईवडिलांचे बिनपगारी श्रमही भांडवलातच धरले पाहिजेत.