कवड्यांच्या मोलाची माणसं

मालदीवच्या बायका उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या सोडून ठेवायच्या. पुढे त्या ओढून काढल्या की पात्यांना चिकटलेल्या कवड्या हाती लागत. त्या वाळूत पुरायच्या, आतलं मांस कुजू द्यायचं. उरे ते लखलखीत कवच. याच कवचाने पुढे अटलांटिकच्या गुलामव्यापारात माणसं विकत घेतली गेली. केवढा हा प्रवास!

चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता मालदीवला राहिला होता. तिथे सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी बारा लाखही. पुढे तो आफ्रिकेतल्या माली राज्यात गेला, तर तिथे दिनाराला फक्त १,१५०! ही तफावत युरोपीय कंपन्यांच्याही पथ्यावर पडली. आशियातून परतणाऱ्या जहाजांच्या तळाशी वजन लागायचंच. कवड्यांनी ते काम फुकटात व्हायचं. ॲमस्टरडॅम आणि लंडनला त्यांचे लिलाव होत आणि तिथून त्या आजच्या बेनिनमधल्या विदा बंदरात जात. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या पश्चिम आफ्रिकेत उतरल्या. माणसांच्या मोबदल्यात बंदुका, दारू, आपल्या गुजरातचं आणि कोरोमंडलचं कापडही असायचं. पण कवडी झिजत नाही, कुजत नाही, खोटी पाडता येत नाही.

१६८०च्या सुमारास विदात एका माणसाला दहाएक हजार कवड्या पडत. शतकभरात हा भाव दीड लाखाच्या घरात गेला. किलोत साधारण नऊशे कवड्या बसतात. म्हणजे एका माणसाची किंमत भरली १६७ किलोच्या आसपास, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त.

सौदा कसा व्हायचा, ते विलेम बोसमन या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. माणसांना उघडं करून अंग न् अंग तपासायचं, मग कंपनीच्या चिन्हाचा तापलेला ठसा छातीवर उमटवायचा. बायकांना फार खोल भाजू नये याची काळजी घेतो, असंही तो नोंदवतो. मला ठशापेक्षा ही काळजीच जास्त भयंकर वाटते; माल खराब होऊ नये म्हणून घेतलेली.

सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. अंदाजे अठरा लाख वाटेतच मेली. पुढे १८४५नंतर जर्मन व्यापाऱ्यांनी पामतेल घ्यायला झांझिबारच्या स्वस्त कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत आणल्या आणि साठवलेल्या कवड्या मातीमोल होत गेल्या. तोवर त्या विकल्या गेलेल्या माणसांनी पिकवलेल्या उसाच्या साखरेवर लिव्हरपूल, ब्रिस्टल आणि नांतचे व्यापारी गब्बर झाले होते.