आधी खड्डा, मग कोटेशन

एप्रिल संपत आला की व्यापारी इमारतींच्या सेक्रेटरींच्या टेबलावर तीन कोटेशनं येऊन पडतात. एक गच्चीला कोटिंग मारण्याचं, सगळ्यात स्वस्त. दुसरं जुना कोबा फोडून नवा घालण्याचं, वाचताच खजिनदाराचा चेहरा उतरेल असं. तिसरं डांबरी मेम्ब्रेनचं, या दोहोंच्या मधलं. मीटिंगमध्ये दोन तास आकड्यांवर वाद होतो. या तिघांपैकी एकानं तरी गच्चीत वीतभर खड्डा घेऊन आत काय आहे ते पाहिलं का, हे कुणी विचारत नाही. आणि मग निर्णय होतो तो ऐकीव समजुतींवर.

आधी आपल्या गच्चीची रचना डोळ्यांसमोर आणू. खाली आरसीसी स्लॅब. त्यावर विटांचे तुकडे मालात बसवून, ढाळ देऊन केलेला कोबा. त्यावर रेघा मारलेला सिमेंटचा गिलावा किंवा चायना मोझॅक. इंटरनेटवर ‘रूफ रिप्लेसमेंट’चे जे सल्ले मिळतात ते मुख्यतः अमेरिकेतल्या छपरांबद्दल असतात. तिथे दुकानं-गोदामांवर बऱ्याचदा पत्र्याचं डेक, त्यावर उष्णतारोधक थर आणि त्यावर रबर किंवा प्लॅस्टिकचं मेम्ब्रेन असतं. ‘बदलणं’ म्हणजे हे वरचे थर काढून नवे घालणं. आपल्याकडे ‘बदलणं’ या एका शब्दात दोन वेगळी कामं शिरतात. एक म्हणजे कोबा काढून नवा घालणं. दुसरं म्हणजे स्लॅबच तोडून पुन्हा ओतणं. पहिलं वॉटरप्रूफिंगचं काम, दुसरं इमारतीच्या हाडांचं. कोटेशनमध्ये ‘रिप्लेसमेंट’ लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: नक्की काय काढणार?

‘स्लॅब गळतोय, म्हणजे गच्ची गेली’

बहुतेक वेळा गच्ची गेलेली नसते, तिच्या कडा आणि भोकं गेलेली असतात. पाणी शिरतं ते कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या वाट्यातून, पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी, टाकीच्या पायाखालून. व्यापारी इमारतीत यात आणखी भर असते. एसीच्या बाहेरच्या युनिटांचे स्टँड, होर्डिंगचा सांगाडा, मोबाइल टॉवर, सोलर पॅनलचे पाय. यातला प्रत्येक जण येतो, ड्रिल मारतो, बोल्ट ठोकतो, निघून जातो. एका बाजारपेठेतल्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर मी एकदा अशी भोकं मोजली होती. चाळीसनंतर मोजणं सोडलं. गच्चीवर एकही भेग नव्हती, आणि खाली कपड्याच्या दुकानात बादल्या मांडलेल्या होत्या.

गळतीचा डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर दोष असतो, ही याच समजुतीची बहीण. कोबा हा स्पंजासारखा. पाणी एका टोकाला आत जातं, विटांच्या तुकड्यांतून ढाळाकडे सरकतं आणि स्लॅबला जिथे बारीक भेग सापडेल तिथून खाली उतरतं. दोन जागांत पंधरा-वीस फुटांचं अंतरही असू शकतं. शिवाय दुकानं-ऑफिसांत फॉल्स सीलिंग असतं. डाग जिप्समच्या पाटीवर पडतो, आणि तोही पाणी वायरीवरून किंवा डक्टवरून घरंगळून आल्यावर. म्हणून पाहणी खालून सुरू करायची. पाटी सरकवून, टॉर्च मारून स्लॅबचा खरा तळ बघायचा. भाडेकरू कुरकुर करतील, इंटिरिअरवाला तर जास्तच करेल. करू द्या.

आणि एक साधी खूण. भर मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना गळत असेल, तर दोष पावसाचा नाही. टाकीचा ओव्हरफ्लो, एसीचं पाणी किंवा फुटका पाइप शोधा. त्यावर ना कोटिंगचा उपाय, ना कोब्याचा.

‘कोटिंग कशावरही बसतं’

कोटिंग खालच्या पृष्ठभागाला चिकटून असेपर्यंतच काम करतं. खालचा कोबा पोकळ असेल तर कोटिंग पोकळीवर ताणलेल्या कापडासारखं राहतं, आणि कोबा हलला की फाटतं. हातोडी घेऊन फूट-फूटभर अंतरावर टकटक करत गच्चीभर फिरा. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. अशा जागांना खडूनं गोल करत जायचं. गोल तुरळक असतील तर तेवढाच भाग काढून भरता येतो. अर्धी गच्ची गोलांनी भरली, तर कोटिंगचा विषय तिथेच संपला.

दुसरा शत्रू ओल. पाणी प्यायलेल्या कोब्यावर वरून न झिरपणारा थर दिला की आतल्या पाण्याला एकच वाट उरते, खाली. वर ऊन तापलं की त्याची वाफ होते आणि कोटिंगला पापडासारखे फुगे येतात. हे आधी कळण्याची एक युक्ती आहे, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी-4263 या चाचणीत हेच करतात: 18 इंच बाय 18 इंचांचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा पृष्ठभागावर ठेवायचा, चारी कडा टेपनं घट्ट चिकटवायच्या आणि निदान 16 तास हात लावायचा नाही. उचलल्यावर आतून थेंब धरलेले दिसले किंवा खालचा भाग काळसर झाला, तर गच्ची अजून ओली आहे. एकाच जागी करू नका. सावलीत, कठड्याजवळ, पाइपाच्या तोंडाशी, अशा चार-पाच जागी करा.

पाऊस परतल्यावर चार दिवसांत वरचा गिलावा पांढराफटक कोरडा दिसतो. त्याच्यावर जाऊ नका. चार इंच जाड कोब्याच्या पोटातलं पाणी सुकायला कित्येक आठवडे लागतात. जूनच्या पहिल्या सरीआधी घाईघाईनं, दोन वळवाच्या पावसांच्या मधल्या दिवशी मारलेलं कोटिंग पुढच्या उन्हाळ्यात हातानं सोलून निघतं ते यामुळेच. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचे महिने या कामाचे.

जुन्या कोटिंगवर नवं मारायचं असेल तर जुनं कुठल्या जातीचं हे माहीत असायला हवं. सिलिकोनवर सिलिकोनशिवाय फारसं काही धरत नाही. माहीत नसेल तर कोपऱ्यात हातभर जागी मारून, पुरतं सुकल्यावर ब्लेडनं फुली कापा, टेप चिकटवून झटक्यात ओढा. टेपबरोबर निघून आलं तर उत्तर मिळालं.

‘दोन हात मारले की झालं’

हात मोजून उपयोग नाही, जाडी मोजावी लागते. हिशेब शाळेतला आहे. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला तर थर बरोबर एक मिलिमीटरचा होतो. पण तो ओला. मालात आकारमानानं निम्मा भाग घन असेल, तर सुकल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. आता 4,000 चौरस फुटांची गच्ची घ्या, म्हणजे सुमारे 372 चौरस मीटर. तिच्यावर सुका एक मिलिमीटर थर हवा असेल, तर असा माल 744 लिटर लागेल. वीस लिटरच्या अडतीस बादल्या. ठेकेदाराची माणसं पंधरा बादल्यांत काम उरकून जिना उतरत असतील, तर तुम्ही कोटिंगचे पैसे देऊन रंगकाम करून घेतलंत. घन भाग किती, हे कंपनीच्या तांत्रिक पत्रकात छापलेलं असतं. कोटेशनमध्ये ‘दोन हात’ऐवजी सुकी जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा.

पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या रंगाचंही असंच. त्यानं गच्ची खरोखर कमी तापते आणि वरच्या मजल्याला एसीचा भार हलका होतो. पण उष्णतेचा रंग आणि पाणी अडवणारं कोटिंग या दोन वस्तू आहेत. काही उत्पादनं दोन्ही कामं करतात, सगळी नाही.

‘पाणी थोडं तुंबतं, पण कोटिंग आहे ना’

पाऊस थांबल्यावर 48 तासांनीही पाणी साचलेलं राहत असेल, तर तो ढाळाचा दोष, असं जगभर मानतात. ॲक्रिलिक कोटिंग पाण्यात मुरत राहिलं की मऊ पडतं आणि सुटतं. पॉलियुरेथेन तुंबलेलं पाणी त्यापेक्षा बरंच सहन करतं. पण पातळ थर ढाळ दुरुस्त करत नाही. हातभर रुंदीची दोन-तीन डबकी असतील तर तेवढी जागा मालानं उचलून मग कोटिंग करता येतं. पाणीच उलट दिशेनं, पाइपापासून दूर जात असेल, तर कोबा काढून ढाळ नव्यानं बांधण्याला पर्याय नाही. इथे कोटिंगवर वाचवलेले पैसे दोन पावसाळ्यांत परत खर्च होतात.

‘फोडाफोड कशाला, जुन्यावरच नवा कोबा घालू’

सगळ्या समजुतींमधली मला धोकादायक वाटते ती ही. गवंडी आनंदानं तयार होतो, राडारोडा उतरवायचा त्रास वाचतो, आणि काम दिसायला देखणं होतं. वजनाचा हिशेब मात्र कुणी करत नाही. चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. वर-खाली जाण्याची सोय असलेल्या सपाट गच्चीवर माणसं-सामान यांचा वावर म्हणून भारतीय मानक आयएस 875 (भाग 2) जो भार धरायला सांगतं, तो चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो. नवा कोबा हा सगळा राखीव भार खाऊन वर पन्नास किलो जास्त होतो, आणि तो माणसांसारखा खाली उतरत नाही. आपल्या 4,000 फुटांच्या गच्चीवर हे झालं सत्तर टनांहून जास्त. मूळ इंजिनिअरनं एका कोब्याचं वजन धरलेलं असतं, दोनांचं नाही. मी असे तीन-तीन थर पाहिले आहेत. कठडा घोट्याइतका उरलेला आणि जिन्याचं दार उघडायला उंबरा तासलेला. अशा गच्चीला कोटिंगही नको. सगळे थर उतरवून एकच, हलका थर द्या.

उतरवतानाही एक पथ्य. मोठे ब्रेकर जुन्या स्लॅबवर चालवू नका, छिन्नी-हातोडी किंवा हलकी यंत्रं वापरा. आणि फोडलेला माल गच्चीच्या मधोमध ढीग करून ठेवू देऊ नका. ज्याचं वजन कमी करायला निघालो, तेच एका जागी गोळा होतं.

‘तोडून नवीन केलं की कायमचं’

कायमचं असं काही नसतं. नव्या कोब्यालाही ऊन-पावसानं ताण येतो, वाटा फुटतो, कठड्यात पिंपळ उगवतो. उलट भरीव, कोरड्या, नीट ढाळाच्या कोब्यावर पुरत्या जाडीचं कोटिंग, वेळच्या वेळी वरचा थर देत गेलं तर, फोडाफोड बराच काळ पुढे ढकलतं. दुकानं चालू ठेवून काम होतं, हा व्यापारी इमारतीला मोठाच फायदा. दहा वर्षांच्या हमीनं भारावून जाऊ नका. बहुतेक हमीपत्रांत तुंबलेलं पाणी, स्लॅबच्या भेगा आणि ‘इतरांनी पाडलेली भोकं’ बारीक अक्षरांत वगळलेली असतात. भोकं तर एसीवाला पुढच्याच महिन्यात पाडणार आहे.

आता त्या खड्ड्याकडे. गच्चीच्या दोन-तीन जागी, एक तरी गळणाऱ्या भागात, वीतभर चौकोन स्लॅबपर्यंत उघडा. कोब्याचे थर किती, आत ओल किती, विटा भुसभुशीत झाल्यात का, हे डोळ्यांनी दिसेल. खालून स्लॅबचे पोपडे निघाले असतील तर तिथलं काँक्रीट जरा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फथॅलीनचं द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. रंग आलाच नाही, तर त्याचा अल्कधर्मी गुण गेला आणि आतल्या सळ्यांचं संरक्षणही गेलं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. सळ्या अशा उघड्या पडल्या असतील तर कोटिंग की कोबा हा वादच गैरलागू. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, सळ्यांची दुरुस्ती आधी होऊ द्या, पाण्याचं नंतर. मुंबईत तर 30 वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम 353-ब खाली अशी तपासणी करून घ्यावीच लागते. त्या अहवालात गच्चीचं पान असतं. कोटेशन मागवण्याआधी ते वाचा.

काम कुठलंही करून घ्या, शेवटचं बिल देण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत दोन इंच पाणी 48 तास उभं करा आणि खाली फॉल्स सीलिंगच्या वर टॉर्च मारून बघा. त्यासाठी स्लॅब धड असल्याची खात्री मात्र आधी हवी, कारण दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो.

आणि यंदाच्या पावसाळ्यात एक करा. मोठी सर ओसरून दोन दिवस झाले की तेलरंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन गच्चीवर जा, आणि जिथे पाणी अजून उभं आहे तिथे त्याच्या कडेकडेनं रेघ ओढून ठेवा. दिवाळीनंतर जो ठेकेदार त्या रेघा पाहून प्रश्न विचारेल, त्याचं कोटेशन आधी उघडा.