बैलाची यौवनलोपी ग्रंथी

बुऱ्हाणपुराहून खानदेशामार्गे सुरतेच्या बंदराकडे कापूस वाहून नेणारे बैलांचे जे तांडे मोगल अमदानीत या वाटेने चालत, त्यांतील खच्ची केलेल्या बैलांच्या उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथी (थायमस) वळूच्या ग्रंथीहून मोठी राहिलेली असणार, ही गोष्ट जकातीच्या दप्तरात नोंदली जाण्याचे काही कारण नव्हते. काल्झोलारी याने 1898 साली सशांत आणि हेंडरसनने 1904 साली गुरांत ती दाखवून दिली, तरीही तिचा अर्थ कोणास लागला नाही. कारण ही ग्रंथी शरीराच्या कोणत्या कामी येते, हेच मुळी अज्ञात होते. 1961 साली जाक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांतून ती काढली, आणि ती पिले रोगजंतूंपुढे निराधार झाल्यावर तिच्या थोरवीची खात्री पटली.

अस्थिमज्जेतून आलेल्या अपक्व कोशिकांची ती तालीमच होय. तेथे स्वकीयांवर उलटू पाहणाऱ्या कोशिका बाद होतात आणि शंभरांतील जेमतेम दोन-चार, टी-कोशिका होऊन, रक्तात उतरतात. यौवनानंतर मात्र ही तालीम ओस पडू लागते, आणि त्यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा हात असतो. हे हॉर्मोन शिकणाऱ्या कोशिकांना थेट बाधत नसून त्यांना घडविणाऱ्या अधिस्तर कोशिकांना मुख्यतः आवरते, हा उंदरांवरील प्रयोगांचा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो.

अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावर, टेस्टोस्टेरॉन थांबविण्यासाठी, वृषणे काढण्याचा उपाय हगिन्स यांनी 1941 साली सिद्ध केला. आज तेच काम ल्युप्रोलाइडची सुई करते. मेंदूतून थांबून थांबून येणारी आज्ञा या औषधामुळे अखंड येऊ लागली, की पोष ग्रंथी आरंभी उत्तेजित होते व पुढे ती आज्ञा मानीनाशी होते, आणि टेस्टोस्टेरॉन ओसरते. असे औषध घेतलेल्या वृद्धांच्या रक्तात नव्या टी-कोशिका वाढल्याचे मेलबर्नच्या संशोधकांनी 2005 साली नोंदविले.

यास तारुण्याचे औषध समजू नये. त्याने हाडे विरळ होतात, स्नायू झिजतात, आणि उंदरांत तर पुन्हा वाढलेली ग्रंथी फार काळ टिकलीही नाही. परंतु सुरतेतील उधना-लिंबायतेत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील एखाद्या आजोबांना हे इंजेक्शन घेणे प्राप्त झालेच, तर पहिल्या सुईपूर्वी आणि काही महिन्यांनी त्यांचे थोडे रक्त, त्यांच्या संमतीने, नव्या टी-कोशिकांच्या मोजणीसाठी राखून ठेवण्याचा बंदोबस्त सुरतेच्या रुग्णालयांनी करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.