ट्यूबवरची बारीक अक्षरं
घरातलं रसायन : लेखांक ९

टूथपेस्टची ट्यूब जिथे चपटी होऊन बंद होते, तिथे एक छोटा रंगीत चौकोन असतो. तो हिरवा असला तर पेस्ट नैसर्गिक आणि काळा असला तर निव्वळ रसायनं, असा निरोप व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतो आहे. चांगली शिकलीसवरलेली माणसंही दुकानात ट्यूब उलटी करून तो चौकोन बघतात. आतल्या पेस्टशी त्याचा काडीचा संबंध नाही. ट्यूबचा पत्रा लांबच लांब गुंडाळीवर छापलेला असतो. तो नेमका कुठे कापायचा आणि कुठे चिकटवायचा, हे यंत्राला त्या खुणेवरून कळतं, एवढंच तिचं काम. वाचायला हवी ती ओळ वेगळीच आहे. घटकांच्या यादीजवळ, बारीक अक्षरांत, फ्लोराईड किती पीपीएम आहे ते छापलेलं असतं. भारतात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम, म्हणजे एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम फ्लोराईड चालतं. ही ओळच नसेल, तर त्या पेस्टने दात घासले जातील, पण कीड थांबवणारा मुख्य घटक त्यात नाही असं समजावं.

हे इतकं ठामपणे का म्हणायचं, ते समजायला आधी दात किडतो कसा ते पाहू. दाताचं बाहेरचं कवच, इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, तेही बहुतांशी कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. मात्र त्यात जिवंत पेशी नाहीत. मोडलेलं हाड जुळून येतं, इनॅमल आपणहून नव्याने उगवत नाही. दातावर जे किटण चढतं त्यात जीवाणूंची दाट वस्ती असते. आपण गोड खाल्लं की ते त्या साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. किटणातला पीएच ५.५ च्या आसपास उतरला की इनॅमलमधलं खनिज विरघळून बाहेर पडायला लागतं. गोड चहाचा कप संपायच्या आत ही घसरण सुरू झालेली असते. लाळ ते आम्ल हळूहळू निववते आणि तिच्यातलंच कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत बसवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्ली याला महत्त्व जास्त. दर तासा-दीड तासाने गोड चहा आणि बिस्कीट चालू असेल, तर लाळेला सवड मिळणार कधी?

या देवघेवीत तोटा होऊ लागला की पहिली खूण दिसते ती हिरडीलगत. ओल्या दातावर ती नजरेत भरत नाही. दात कापसाने पुसून नीट कोरडा केला की निस्तेज पांढरा डाग उमटतो. पृष्ठभाग अजून शाबूत असतो, खालचं खनिज मात्र गेलेलं असतं. खड्डा पडलेला नसेल तोवर हा डाग भरून येऊ शकतो. फ्लोराईडचं खरं काम इथे आहे. घासल्यानंतर ते लाळेत आणि किटणात थोडं मागे राहतं, निघून चाललेलं खनिज परत बसण्याचा वेग वाढवतं आणि स्वतः त्या नव्या स्फटिकात शिरतं. असा फ्लोराईडयुक्त स्फटिक पीएच साधारण ४.५ पर्यंत तग धरतो.

हा गुण सापडला तो एका दोषाचा माग काढताना. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, आणि आश्चर्य म्हणजे ते दात किडत कमी होते. कारण पाण्यात आहे हे मॅकेने ताडलं होतं, पण पाण्यात नेमकं काय आहे ते कळायला १९३१ उजाडलं. त्या वर्षी एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाच्या तपासणीत फ्लोराईड सापडलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांना हे डाग दाखवायला कोलोरॅडो लागत नाही. तिथल्या विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड मुळातच जादा आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतलं जातं. त्याहून बरंच जास्त फ्लोराईड वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांबरोबर हाडंही बिघडतात. अशा गावांना आधी चांगलं पाणी मिळायला हवं, आणि तिथल्या लहान मुलांना कोणती पेस्ट द्यायची ते दंतवैद्याला विचारूनच ठरवावं.

आता पुन्हा ट्यूबकडे. स्वस्त पांढऱ्या पेस्टमध्ये घासण्यासाठी बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीची बारीक पूड. त्यात साधं सोडियम फ्लोराईड घातलं तर कॅल्शियम ते ट्यूबमध्येच अडकवून ठेवील आणि दातापर्यंत काही पोचणार नाही. म्हणून अशा पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात. त्यात फ्लोराईड फॉस्फेटला जखडलेलं असतं आणि तोंडात गेल्यावर तिथली विकरं ते मोकळं करतात. सोडियम फ्लोराईड हवं असेल तर घासायला सिलिका वापरतात, पारदर्शक जेलमध्ये ती असते. यात महाग-स्वस्ताचा प्रश्न नाही, जोडी जुळण्याचा आहे. फेसाबद्दल मागच्या आठवड्यात साबणाच्या निमित्ताने बोललोच. इथेही तो तेच सोडियम लॉरिल सल्फेट आणतं, आणि फेस जास्त म्हणजे दात जास्त स्वच्छ असं अजिबात नाही.

जुन्या राखुंडीत आणि कोळशाच्या पुडीत घासण्याची ताकद होती, पण कण खरखरीत. रोज रगडून इनॅमल झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही. मिश्रीची गोष्ट मात्र झिजेवर थांबत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखूच आहे. केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्येच बंदी केली, तरी गावोगावी बायका सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावतात. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे त्या सांगतात ते खोटं नाही, कारण निकोटीन आतड्यांना चाळवतं. तेच निकोटीन दुपारी पुन्हा डबी उघडायला लावतं, आणि मिश्री जिथे धरून ठेवतात तिथेच हिरडीवर, गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात. त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. आई, आजी, मावशी कुणी लावत असेल तर घरच्यांनी तिच्या तोंडात एकदा नीट उजेड धरून बघावं. दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा किंवा जखम दिसली, तर तिला डॉक्टरकडे न्यावं.

घासून झाल्यावर खळखळून चुळा भरायची आपली सवय फ्लोराईड धुऊन टाकते. फेस थुंकावा आणि तसंच राहू द्यावं, रात्री तर नक्कीच. मोठ्यांनी ब्रशभर पेस्ट घ्यायची गरज नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्ट मोठ्या माणसानेच लावून द्यावी, कारण या वयात मुलं थुंकण्याऐवजी गिळतात आणि कायमचे दात तेव्हा हिरडीच्या आत घडत असतात.

गार पाण्याने दात झिणझिणतात त्यांच्यासाठीच्या पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट काय करतं, ते पुढच्या आठवड्यात.