परदेशी बाजाराची खबर शेतकऱ्याच्या हाती हवी

कांद्याचा भाव पडला की आपण पारावर बसून आडत्याला, सरकारला, नाहीतर नशिबाला बोल लावतो. पण न्हावाशेव्याच्या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाचा भाव ठरवणारे पुष्कळ कागद दिल्लीत, ब्रुसेल्समध्ये नाहीतर जिनिव्हात निघतात. हे कागद गुपित नसतात, फक्त कुठे पाहायचे ते ठाऊक पाहिजे.

आधी कांद्याचेच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले. यात एक गोम आहे. बंदी आणि किमान मूल्याची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढते, तर शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग काढतो. एकच कागद वाचून "निर्यात खुली झाली" म्हणून चाळीतला माल धरून ठेवणारा फसतो. दोन्ही पाहावेत.

द्राक्षाची गोष्ट निराळी. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला लिहोसिन म्हणतो, त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल अडकला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा हे रसायन नव्हते. युरोपची मर्यादा मात्र जाहीर होती. खबर होती, पण बागेपर्यंत पोचली नाही आणि नुकसान बागाईतदाराचे झाले.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्या करारानुसार प्रत्येक सदस्य देशाला अन्नसुरक्षा आणि पीकरोगांविषयीचे नवे नियम आगाऊ कळवावे लागतात, आणि चौकशीला उत्तर देणारे केंद्र ठेवावे लागते. आपल्यासारख्या विकसनशील देशांना याचा मोठा आधार आहे; कारण श्रीमंत देशाने नियम कडक केला तर निदान तो आधी कळतो.

आता खबर कुठे शोधायची ते पाहू.

१) मालाचा सांकेतिक क्रमांक पाठ करा. कांद्याचा ०७०३१०, ताज्या द्राक्षाचा ०८०६१०. हे पहिले सहा आकडे जगभर तेच चालतात. नाव टाकून शोधण्यापेक्षा क्रमांक टाकला की नेमके सापडते.

२) अपेडा ही संस्था १९८६ पासून शेतमाल निर्यातीचे काम पाहते. कुठला माल कुठल्या देशात किती गेला, त्याचे आकडे तिथे मिळतात.

३) जिनिव्हाचे आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र 'ट्रेड मॅप' चालवते. युरोपात पेरू देश, चिली आणि दक्षिण आफ्रिका आपल्या द्राक्षाशी टक्कर देतात. त्यांनी किती माल पाठवला, ते इथे समजते.

४) औषधाच्या अंशाची मर्यादा युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर पीक आणि औषधाचे नाव टाकून पाहता येते. फवारणीआधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस आणि काढणीपूर्व दिवस पाहिल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये.

५) पुण्याचे राज्य कृषी पणन मंडळ निर्यातीबाबत मराठीतून मार्गदर्शन करते.

एक सावधगिरी बाळगा. आकडे मागच्या महिन्यांचे असतात, उद्याचा भाव ते सांगत नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपावर तर मुळीच विसंबू नका. अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख विचारा. क्रमांक नसेल तर ती अफवा समजा.

हे काम एकट्याने जड जाते. म्हणून गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एका शिकलेल्या मुलावर किंवा मुलीवर ते सोपवावे. आठवड्यातून एकदा अधिसूचना पाहाव्यात, वहीत टिपाव्यात आणि बैठकीत वाचून दाखवाव्यात. इंग्रजीचे अडले तर कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात खुशाल यावे. पाऊस कधी येईल ते आपल्या हाती नाही, पण अधिसूचना कधी आली ते पाहणे नक्कीच आहे.