आधी एसएमपीएस, मग आरजीबी!

बजेट तुटपुंजं आणि डोक्यात गेमिंग पीसी? मग आधी चमचमत्या लाइट्सवरून नजर हटवा. धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात लाइटची ये-जा. अशा ठिकाणी पीसी तगतो तो एसएमपीएसच्या जोरावर. बिननावाचा घेऊन पाचशे-हजार वाचवाल, पण तो जळाला तर मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो. '८० प्लस'चा शिक्का फक्त वीज कमी वाया जाते एवढंच सांगतो. ओव्हर-व्होल्टेज संरक्षण आहे का, तेही विचारा. ५५० वॅटचा घेतलात तर पुढे कार्ड लावायला जागा राहते.

ग्राफिक्स कार्डाला पैसे उरले नाहीत? बिघडलं कुठं! रायझन ५ ५६००जी या सहा कोअरच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. सेटिंग कमी ठेवलं की व्हॅलोरंट मस्त चालतो. फक्त रॅम १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८च्या दोन घ्या. हे ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन स्टिकमुळे डेटाचा रस्ता रुंद होतो. कार्ड पुढच्या दिवाळीला बसवा.

कॅबिनेट पुढून जाळीचं बघा. पार्ट सोलापूरहून आणा की पुण्याहून, पक्कं बिल जपा. वॉरंटीला तेच लागतं. आणि हो, यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा. मॅच रंगात आली की लाइट जाणारच!